प्राध्यापकाची खुर्ची सोडून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर

वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तिच्यात परमपूज्य बाबासाहेबांवर एक लेख असणारच, आणि तो असायलाच हवा. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, घटना समिती, नागपूरची दीक्षाभूमी हे सारे आपण दरवर्षी वाचतो. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला व्यासपीठावरून ऐकतो. म्हणून आम्ही ठरवले की यावेळी बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या अशा काळाबद्दल लिहावे, जो भाषणात बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. बाबासाहेब परदेशात गेले, मोठमोठ्या पदव्या घेऊन आले, असे आपण म्हणतो आणि पुढे सरकतो. पण बाबासाहेब एका दमात शिकून आलेले नाहीत. त्यांचे शिक्षण मध्येच तुटले. तीन वर्षे तसेच तुटलेले राहिले. मधल्या काळात नोकरी आली, संसार आला, समाजाचे काम आले. आणि त्यानंतर, चांगल्या पगाराची प्राध्यापकी सोडून, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले.

हे आम्ही मुद्दाम का लिहितो, तेही सांगतो. आपल्या वस्तीतले कुठलेही घर घ्या. त्या घरात एखादे तरी माणूस असे असतेच की ज्याचे शिक्षण अर्ध्यावर राहिले. कुणी बारावीला असताना बाप गेला म्हणून कारखान्यात लागला. कुणाचे एफ.वाय.ला असताना लग्न झाले. कुणी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोन विषय राहिले म्हणून मार्कशीट पेटीत ठेवून दिली, ती अजून पेटीतच आहे. विचारले तर म्हणतात, आता काय शिकायचं, वय झालं. अशा माणसांना बाबासाहेबांचे हे दिवस माहीत असणे फार गरजेचे आहे, असे आम्हांला वाटते.

धागा कसा तुटला

सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या भिवाला किती कष्टाने शिकवले ते सर्वांना ठाऊक आहे. १९०७ साली मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेज, १९१२ साली बी.ए. कॉलेजात असताना गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची मदत मिळाली. बी.ए. होऊन भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच वडील आजारी पडले, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. ज्यांनी शिकवले त्यांना मुलाचे पुढचे शिक्षण पाहता आले नाही.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार असा, की परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी तिथल्या चर्चासत्रात वाचला. पीएच.डी.साठी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर प्रबंध लिहिला. मग अमेरिकेतूनच ते लंडनला गेले. तिथे १९१६ मध्ये दोन ठिकाणी नाव घातले, कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये.

आणि इथे धागा तुटला. शिष्यवृत्तीला मिळालेली वाढीव मुदतही संपली. पुढे मुदत वाढून मिळेना. पैसा नाही तर लंडनमध्ये राहणार कसे? प्रबंधाचे काम चालू, बॅरिस्टरीचे शिक्षण चालू, आणि दोन्ही अर्धवट टाकून १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. पण परतताना त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. दार बंद होत होते, पण कडी त्यांनी लागू दिली नाही. शिक्षण सोडण्याची वेळ आलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. सोडून येणे वेगळे आणि परत यायची सोय करून येणे वेगळे.

तो पहिल्या महायुद्धाचा काळ. बाबासाहेब ज्या बोटीने आले ती सुखरूप पोहोचली. पण त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडवली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला.

मधली तीन वर्षे

बडोद्यात काय झाले ते पुन्हा विस्ताराने सांगत नाही. कराराप्रमाणे नोकरीवर रुजू झालेल्या, कोलंबियाहून शिकून आलेल्या या माणसाला सबंध शहरात राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेऊन माणसे आली. कचेरीत शिपाईसुद्धा कागद लांबूनच टाकत. अवघ्या काही दिवसांत बडोदा सोडावे लागले आणि बाबासाहेब मुंबईला परत आले. आता शिक्षण अर्धवट आणि नोकरीही नाही, अशी अवस्था झाली.

मुंबईत त्यांनी काय केले नाही ते विचारा. शिकवण्या केल्या. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची कचेरी काढली. सुरुवातीला गिऱ्हाईक आले, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर येईनासे झाले. कचेरी बंद करावी लागली. असे दिवस चालू असताना त्यांनी वाचन-लेखन सोडले का? नाही. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी निबंध प्रसिद्ध केला, तो आजही अर्थशास्त्राचे अभ्यासक वाचतात. आम्हांला हे फार महत्त्वाचे वाटते. कॉलेज सुटले होते, अभ्यास सुटलेला नव्हता. म्हणूनच पुढे परत जाणे शक्य झाले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गिरणीतल्या कामगाराला वर्षभर राबूनही तेवढे मिळणे कठीण होते. प्राध्यापक आंबेडकरांचे शिकवणे इतके चांगले की इतर कॉलेजांतले विद्यार्थीही येऊन बसत. मात्र प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी कुरकूर तिथेही झालीच.

आता इथे थोडे थांबून विचार करू. वडील गेलेले, घरची गरिबी पिढ्यान्‌पिढ्याची. लग्न १९०६ सालीच झालेले. मुलगा यशवंत १९१२ चा. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत सगळे कुटुंब. अशा माणसाला साडेचारशेची प्राध्यापकी मिळाली, तर आपल्यापैकी कुणीही काय म्हटले असते? मिळालं ते खूप झालं, आता सुखानं राहा, असेच म्हटले असते. चाळ सोडून चांगली जागा घेतली असती, चार दागिने केले असते. बाबासाहेबांनी चाळ सोडली नाही. रमाईंच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम द्यायची आणि उरेल ते बाजूला टाकायचे, असा त्यांनी नेम केला. पगार मोठा होता, राहणी मात्र काटकसरीची. प्रत्येक महिन्याला बाजूला पडणारे ते पैसे म्हणजे लंडनचे तिकीट होते.

याच काळात समाजाचे कामही सुरू झाले होते. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या मदतीने मूकनायक पाक्षिक निघाले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली. तिथे शाहू महाराजांनी या तरुण माणसाला समाजाचा पुढारी म्हणून सर्वांसमोर मान दिला. म्हणजे नोकरी हातात, नाव होऊ लागलेले, समाज वाट बघतो आहे. थांबायला याहून चांगले निमित्त कोणते? पण त्याच मार्च महिन्यात त्यांनी सिडनहॅमच्या नोकरीचा राजीनामा दिला. लंडनने दिलेली चार वर्षांची मुदत संपत आली होती.

एकोणतिसावे वर्ष

स्वतःची शिल्लक पुरेशी नव्हती. अमेरिकेत एका वसतिगृहात राहिलेले पारशी मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. शाहू महाराजांनीही मदत केली. असे तीन ठिकाणचे पैसे गोळा करून बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले. पहिल्या वेळी ते संस्थानच्या पैशावर गेले होते. या वेळी स्वतःच्या कमाईवर आणि परत फेडायच्या कर्जावर गेले. पहिल्या वेळी मुदत दुसऱ्याच्या हातात होती, म्हणून शिक्षण तुटले. दुसऱ्या वेळी त्यांनी ती सोय दुसऱ्याच्या हातात ठेवली नाही.

आपण बौद्ध लोक आहोत. एकोणतीस हा आकडा आपल्याला नवा नाही. सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग केला तेव्हा त्यांचे वयही एकोणतीसच होते. तेसुद्धा घरातून निघाल्यावर आधी आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे शिष्य म्हणूनच राहिले होते. राजपुत्र असूनही दुसऱ्याच्या पुढ्यात शिकायला बसले. दोघांची तुलना करावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही, आणि वर्षांचा हा मेळ ओढूनताणून कशाला जोडायचाही नाही. एवढेच म्हणायचे, की घरदार झालेल्या माणसाने पुन्हा शिष्य होण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट आपल्या परंपरेत फार जुनी आहे.

आजच्या हिशेबाने एकोणतीस म्हणजे तरुणच, असे कुणी म्हणेल. पण त्यांच्यासोबत वर्गात बसणारी बरीचशी मुले विशी-बाविशीची. आणि हा माणूस आदल्या वर्षापर्यंत स्वतः फळ्यापुढे उभा राहून शिकवत होता. आज शिकवायचे आणि उद्या बाकावर बसून दुसऱ्याचे ऐकायचे, हे मोठ्या मनाचे काम आहे.

लंडनमधले दिवस

लंडनमध्ये त्यांनी एकाच वेळी दोन आघाड्या उघडल्या. दिवसाचा अर्थशास्त्राचा अभ्यास आणि त्याच्याबरोबर बॅरिस्टरीचा अभ्यास. पैसे मोजके. जितके दिवस लवकर संपवू तितके कर्ज कमी, हा हिशेब डोक्यात कायम असे.

राहायला खोली भाड्याची. घरमालकीण हाताने आखडती. सकाळच्या न्याहारीला पावाचा एखादा तुकडा, थोडा मासा, एक कप चहा. तेवढे खाऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसत. सकाळी आठच्या सुमारास आत गेलेला माणूस ग्रंथालय बंद होताना संध्याकाळी पाचला बाहेर पडे. दुपारचे जेवण नाहीच. जेवायला पैसे लागतात आणि वेळही लागतो, आणि दोन्ही गोष्टी त्यांच्याजवळ कमी. बाहेर पडताना कोटाचे खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले असत. मग इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय, अशी पायपीट. रात्री भूक लागली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे, वर काहीतरी गरम प्यायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. खोलीतला सोबती मध्यरात्री जागा होऊन बघे तर हे वाचतच बसलेले. किती जागणार, झोपा आता, असे तो विनवी. पण गरिबाला इथे वेळ वाया घालवणे परवडत नाही, अशीच त्यांची समजूत असे.

१९२१ ते १९२२ या काळात ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहत होते. हे घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथे स्मारकाचे उद्घाटन झाले. लंडनला जाणारे आपले बांधव आज त्या घराचे दर्शन घेऊन येतात. दर्शन घेताना त्या घरात राहणारा माणूस अर्धपोटी अभ्यास करीत होता, एवढे आठवावे.

फळ आलेच. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. त्यांचा विषय होता ब्रिटिश भारतातील साम्राज्याच्या वित्ताचे प्रांतिक विकेंद्रीकरण. जून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध विद्यापीठाला सादर केला. मधल्या काळात जर्मनीच्या बॉन विद्यापीठात शिकण्यासाठी जर्मन भाषेत अर्ज लिहून तिकडेही खटपट केली. शिकण्याची ही भूक पाहिली म्हणजे मन थक्क होते.

घरी रमाई

लंडनच्या या दिवसांची गोष्ट रमाईंशिवाय सांगणे म्हणजे अर्धीच सांगणे. दापोलीजवळच्या वणंद गावची ही लेक. वडील बंदरावर माशांच्या टोपल्या वाहणारे. आईबाप लहानपणीच गेले. मग मुंबईत मामा-काकांनी वाढवले आणि भायखळ्याच्या बाजारात लग्न झाले. नवरी नऊ वर्षांची, नवरा पंधरा वर्षांचा. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत.

नवरा पहिल्यांदा परदेशी गेला तेव्हा चार वर्षे त्यांनी वाट बघितली. परत आला, नोकरी लागली, जरा बरे दिवस आले, तोच तो पुन्हा निघाला. साडेचारशेचा पगार सोडून, वर कर्ज काढून! आपल्या घरातल्या कुणी असे केले असते तर बायकोने काय म्हटले असते, याचा विचार करून बघा. रमाईंनी त्यांना अडवले नाही. परळच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी मोजक्या पैशांत दिवस काढले. त्यांची पाच मुले झाली, त्यांतले यशवंत तेवढे मोठे झाले, बाकीची चारही लहानपणीच गेली. औषधपाण्याला पैसा नसणे म्हणजे काय, हे ज्या आईने भोगले तिलाच कळेल.

आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. त्या पदव्यांची किंमत लंडनमध्ये जशी मोजली गेली तशी परळमध्येही मोजली गेली. पुढे १९४० च्या सुमारास पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तेव्हा बाबासाहेबांनी तो आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला. तोवर रमाईंना जाऊन पाच वर्षे झाली होती. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

आणखी एक नुकसान सांगायचे राहिले. मूकनायक दुसऱ्यांच्या हाती देऊन ते गेले होते, ते त्यांच्यामागे नीट चालले नाही आणि पुढे बंद पडले. ज्यांनी पाठीवर हात ठेवला ते शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले, तेव्हा बाबासाहेब लंडनमध्येच होते. शिकायला जाणाऱ्याला मागे काहीतरी सोडावेच लागते. ते काय सोडतो आहोत हे माहीत असूनही जाणे, याला निर्धार म्हणतात.

प्रबंध परत आला

आता शेवटची परीक्षा. प्रबंध दिला, आता पदवी मिळणार, असे वाटत असताना मार्च १९२३ मध्ये अडचण उभी राहिली. रुपयाच्या प्रश्नात ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर प्रबंधात कडक टीका होती. केन्ससारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध या विद्यार्थ्याने मांडणी केली होती. परीक्षकांना ती टोचली. प्रबंध पुन्हा लिहून द्यावा, असे सांगण्यात आले.

पैसे संपले होते. लंडनमध्ये थांबणे शक्य नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परत आले. बॅरिस्टर झाले होते, पण वकिलीची सनद घ्यायलाही हातात पैसा नव्हता, तोसुद्धा भथेनांनी दिला. अस्पृश्य बॅरिस्टराकडे पक्षकार सहसा फिरकत नव्हते. अशा वेळी परत आलेला प्रबंध कुणी कोपऱ्यात फेकला असता तर त्याला दोष देता आला नसता. बाबासाहेबांनी परळच्या चाळीत बसून तो पुन्हा लिहिला. भाषा सौम्य केली, पण निष्कर्ष बदलले नाहीत. पुन्हा लिहिलेला प्रबंध त्यांनी मुंबईहून लंडनला पाठवला आणि तो मान्य झाला. १९२३ च्या अखेरीस डी.एस्सी. पदवी मिळाली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, काही मते पटत नसतानाही. ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. सुभेदारांना जाऊन तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती.

हा ग्रंथ कपाटात पडून राहिला नाही. भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी हिल्टन यंग आयोग नेमला गेला, त्याच्यापुढे डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी साक्ष दिली. कोलंबियाची पीएच.डी.सुद्धा अशीच रेंगाळलेली होती. प्रबंध छापून सादर करण्याची अट होती. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा तो ग्रंथ १९२५ साली छापला गेला आणि १९२७ साली पदवी रीतसर हाती आली. १९१३ ला कोलंबियात सुरू झालेला अभ्यास १९२७ ला पुरा झाला, म्हणजे चौदा वर्षे लागली! त्या १९२७ सालीच महाडचा सत्याग्रह झाला. तेव्हा अर्धवट सोडलेले पुरे करायला वेळ लागला म्हणून कुणी लाजू नये.

मग इतरांसाठी काय केले

ज्याने उपाशी राहून शिकले, त्याला उपाशी शिकणाऱ्याची कळ असते. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. या कॉलेजचे वर्ग सकाळी भरवले जात, ते अशासाठी की दिवसा नोकरी करणाऱ्या माणसाला शिकता यावे. कचेरीतला कारकून, पोस्टातला माणूस, दुकानात काम करणारा, हे सारे सकाळी वर्गात बसत आणि मग कामावर जात. कित्येकांचे सुटलेले शिक्षण तिथे पुन्हा जोडले गेले. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज निघाले आणि मराठवाड्यातल्या मुलांची सोय झाली. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. राजा असूनही भदंत नागसेनांना प्रश्न विचारत शिष्यासारखा बसणारा मिलिंद! मोठेपणी शिकण्याचे याहून चांगले प्रतीक दुसरे सापडणार नाही.

स्वतः बाबासाहेब तरी शिकायचे कुठे थांबले? उतारवयात, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर थकलेले असताना, ते पाली भाषेचा अभ्यास करीत होते. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांचे त्यांनी केलेले काम महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात आपल्याला पाहायला मिळते. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्या अखेरच्या वर्षांतलाच. आज विहारात आपण जी वंदना म्हणतो तिची भाषा समजून घ्यायला आमच्या बाबाने म्हातारपणी वही-पेन्सिल घेतली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेवटी दोन शब्द

आता ज्यांचे शिक्षण अर्धवट आहे त्यांच्यासाठी लिहितो. बाबासाहेबांएवढी बुद्धी आम्हांला कुठली, असे म्हणून मोकळे होऊ नका. बुद्धी त्यांची मोठी होतीच, पण या सात वर्षांत त्यांना पार नेले ते बुद्धीपेक्षा साध्या साध्या गोष्टींनी. परत यायची परवानगी आधी मागून ठेवली, दरमहा थोडे पैसे बाजूला टाकले, मित्रापुढे हात पसरायला लाजले नाहीत, कॉलेज सुटले तरी वाचन सोडले नाही, आणि काम परत आले तेव्हा ते पुन्हा लिहून काढले. यातली कुठलीही गोष्ट आपल्याला अशक्य नाही.

आज सोयी तर पुष्कळ झाल्या आहेत. १९८२ साली हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, त्याला १९९१ पासून बाबासाहेबांचेच नाव आहे. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले. नोकरी-संसार सांभाळून, वयाची आडकाठी न मानता शिकता येते. पेटीतली ती मार्कशीट बाहेर काढायला हरकत नाही.

आणि ज्यांच्या घरात असा कुणी शिकू पाहतो आहे त्यांनाही सांगतो. सून पुस्तक घेऊन बसली तर तिच्या हातचे काम घटकाभर दुसऱ्याने करावे. चाळिशीचा नवरा परीक्षेला बसतो म्हणाला तर हसू नये. टी.व्ही.चा आवाज थोडा कमी करावा. रमाईंनी जे सोसले ते आज कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण त्यांनी जी जागा करून दिली ती आपण एकमेकांना द्यावी. विहाराच्या सभागृहात संध्याकाळी दोन तास अशा माणसांना शांतपणे बसायला दिले, तर वर्धापनदिनाचा तोही एक चांगला कार्यक्रम ठरेल.

बाबासाहेबांच्या फोटोत त्यांच्या हाती पुस्तक असते. ते आपल्या हाती येईल तेव्हा खरी वंदना होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!